उताराची फरशी

डोंगरावर चढणाऱ्या जीपला कुठले स्प्रिंगचे पाटे घालावेत आणि कुठले टायर, हे त्या घरात थोरलीइतकं कुणालाच कळत नव्हतं! हे मत थोरलीचं स्वतःचंच होतं, पण तीन आठवडे वाचून बनवलेलं होतं. थोरलीची पद्धतच तशी. लहानपणी पोहायला शिकायचं ठरलं तेव्हा तिने आधी पोहण्यावरची दोन पुस्तकं वाचली होती, आणि मग पाण्यात उतरून, पुस्तकात सांगितल्याप्रमाणे हातपाय हलवत, अगदी शास्त्रशुद्ध बुडाली होती.

या वेळी बुडून चालणार नव्हतं. बाबांना जाऊन चार महिने झाले होते. त्यांची जीप पोर्चमध्ये जशीच्या तशी उभी होती. आणि तिच्या धाकट्या भावाने, कुणाला न विचारता, जीपला गिऱ्हाईक आणलं होतं.

"अरे, तुला कुणी सांगितलं होतं?" थोरली कडाडली.

"ताई, पण ती चालवणार कोण?"

"मी!"

"तू? तुला मोकळ्या मैदानात रिव्हर्स घेता येत नाही."

"डोंगरावर रिव्हर्स घ्यायचा नसतो. वर जायचं असतं."

"मग खाली काय पॅराशूटने येणार?"

यावर थोरली जे बोलली ते आईने मध्येच तोडलं. आई हातातलं शिवण खाली ठेवून म्हणाली, "भांडू नका. महिनाअखेरपर्यंत हिने मला त्यांच्या खोलीपर्यंत वर नेलं आणि सुखरूप खाली आणलं, तर जीप राहील. नाहीतर जाईल. झालं?"

झालं! त्यांची खोली म्हणजे बाबांनी नोकरीतून मोकळं झाल्यावर डोंगरमाथ्यावर बांधलेली पत्र्याच्या छपराची खोली. आठवड्यातून एकदा ते जीप घेऊन तिथे जायचे. "शांतपणे वाचायला," असं सांगायचे. वाट अशी, की शेळीनेही दोनदा विचार करावा. आई तिथे एकदाच गेली होती, खोली बांधून झाली तेव्हा, आणि त्यानंतर तीन दिवस तिने खुर्चीवर बसायचं टाळलं होतं.

तर थोरली वाचायला बसली. पाटे, म्हणजे गाडीचं ओझं पेलणाऱ्या एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या, शॉकअप, टायरच्या खाचा, रबराचे थर, सगळं वाचलं. वाचताना तिला बिस्किटं लागायची. एका प्रकरणाला चार. 'टायरची निवड' हे प्रकरण फार लांब होतं, त्यात अख्खा डबा संपला.

एका गोष्टीचं मात्र तिला वाचायच्याही आधीपासून नवल वाटायचं. जीप पोर्चमध्ये उभी असली की डावीकडे किंचित कलायची. याचं उत्तर बाबांनी कधीच देऊन ठेवलं होतं. "पोर्चची फरशी उताराची आहे," ते म्हणायचे. "पाणी वाहून जावं म्हणून."

बाबांनी सांगितलं म्हणजे संपलं. दर महिन्याला आईही त्याच फरशीवर वाकून जीपपाशी मोजमाप करायची. त्याची गंमत अशी, की डॉक्टरांनी बाबांना पंधरा किलो उतरवायला सांगितलं होतं. बाबा भरभक्कम माणूस! वजनकाट्यावर उभं राहताना ते दाराची चौकट धरायचे आणि काटा बिचारा संकोचून अर्ध्यावर थांबायचा. म्हणून आईने काट्याचा नाद सोडला आणि जीपला साक्षीदार केलं. दर महिन्याच्या एक तारखेला बाबा जीपमध्ये बसायचे, आणि उजव्या बाजूचं मागचं चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये आई बोटं घालून बघायची. सुरुवातीला दोनच बोटं मावायची. मग तीन झाली. पुढे साडेतीन.

"बघ!" बाबा वरून म्हणायचे. "उतरलं की नाही?"

"उतरलं हो!" आई म्हणायची.

असो. वाचन झालं, आणि थोरली जीप घेऊन चारचाकीच्या सामानाच्या मोठ्या दुकानात गेली. दुकानाची फरशी आरशासारखी. मालक दाढीवाला, अंगात बारा खिशांचं जाकीट, आणि आजवर तो दुकानाबाहेर कधी गेला असेल असं वाटत नव्हतं. जीप आत येऊन थांबली. दाढीवाला दहा पावलं मागे गेला, एक डोळा मिटला आणि म्हणाला, "गाडी डावीकडे बसलीय."

"तुमची फरशी उताराची असेल."

"मॅडम, या फरशीवर मी पाणसळ लावून टाईल बसवलीय. डावे पाटे मेलेत. गाडीकडे कुणाचं लक्षच नव्हतं बघा."

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लक्ष नव्हतं! बाबांचं! जो माणूस घरात जितका सापडायचा नाही तितका जीपखाली सापडायचा! ज्याला जेवायला बोलवायचं तर दोन पाय बाहेर दिसतील तिथे वाकून हाक मारावी लागायची!

"माझ्या वडिलांनी ही जीप कशी ठेवली होती हे तुम्ही मला सांगू नका!"

"नाही सांगत. ओझं किती असतं तेवढं सांगा. ओझ्यावर पाटे ठरतात."

आता खरं उत्तर असं होतं, की ती, आई, पाण्याची बाटली आणि आईचं शिवण. पण थोरली पेटली होती. बाबांच्या जीपला हा माणूस मोडकी म्हणतो काय! तिने बाबा नेत असलेल्या सगळ्या वस्तू सांगितल्या. हत्यारांची पेटी, पहार, फावडं, दोर, पाण्याचे चार कॅन, दोन बॅटऱ्या, जादाचं चाक, पुस्तकांची खोकी. सांगता सांगता दोन वस्तू तिने घरातल्याही घातल्या.

"चारशे किलो," दाढीवाल्याने बेरीज केली. "आणि रस्ता? चिखल, वाळू की खडक?"

"सगळं!" थोरली म्हणाली. वाट पहिल्यापासून शेवटपर्यंत कोरड्या खडकाची होती. पण कमी सांगणं म्हणजे माघार घेणं!

दाढीवाल्याचे डोळे पाणावले. असं गिऱ्हाईक त्याला बऱ्याच दिवसांत भेटलं नसावं. संध्याकाळपर्यंत जीपखाली चारशे किलोंचे पाटे आले, ती चार इंच उंच झाली, आणि चारी बाजूंना असे टायर बसले की एकेका खाचेत मांजरीने पिल्लं घालावीत. जुने पाटे त्याने दोन पोत्यांत घालून परत दिले.

घरी येताना टायरांचा आवाज असा येत होता, की गल्लीतले लोक वर आभाळात बघत होते. घरासमोर पोचल्यावर कळलं, की जीप आता पोर्चमध्ये मावत नाही. छपराला चार इंच कमी पडत होते. नेमके चारच!

"छप्पर कापायचं का?" धाकट्याने विचारलं. तो इतका खूश होता की त्याला लपवताही येत नव्हतं.

थोरलीने जीप रस्त्यावर लावली, जुने टायर आणि पाट्यांची पोती पोर्चमध्ये टाकली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री आले. बाबांची जीप वीस वर्षं त्यांच्याच हाताखाली होती. त्यांचं गॅरेज म्हणजे एक पत्र्याचं छप्पर, एक खड्डा आणि भिंतीवर टांगलेले पाने. थोरली त्यांच्याकडे मुद्दामच गेली नव्हती. डावे पाटे मरेपर्यंत हे वीस वर्षं काय करत होते?

मिस्त्रींनी जीपभोवती एक चक्कर मारली. एका टायरला बोटाने टोचून बघितलं. मग विचारलं, "ताई, जुने पाटे कुठायत?"

"का?"

"मला द्या ते."

"भंगारात घालायला?"

"नाही हो. ते मेलेले नाहीत. ते तसेच..." एवढ्यात आई दारात आली. मिस्त्री एकदम गप्प झाले. टोपी काढली, परत घातली. "बरंय का वहिनी?"

"बरंय. काय म्हणत होतात?"

"काही नाही. हवा छान आहे आज."

थोरलीच्या हे लगेच लक्षात आलं. चोराच्या मनात चांदणं! केलेला हलगर्जीपणा आईसमोर उघड होईल म्हणून घाबरले! ती म्हणाली, "मिस्त्री, पाटे मिळणार नाहीत. बाबांच्या वस्तू आहेत त्या. तुम्हाला काय सांगायचंय ते इथेच सांगा."

मिस्त्रींनी आईकडे पाहिलं, पोत्यांकडे पाहिलं, आणि एखाद्याच्या घशात काटा अडकावा तसा चेहरा करून निघून गेले.

"बघितलंस आई? तोंड आहे का बोलायला!"

आई पोत्यांकडे बघत होती.

रविवारी परीक्षा ठरली. मागे धाकटा आणि गिऱ्हाईक बसले. गिऱ्हाईक म्हणजे पांढरे बूट घातलेला एक सद्गृहस्थ, जीप डोंगरावर कशी चालते ते बघायला आलेला. पुढे आई. पण आईला वर चढवायचं कसं? पायरी तिच्या कमरेशी आली होती! स्वयंपाकघरातलं स्टूल आणलं. स्टुलावरून आई चढली, आणि स्टूल मांडीवर घेऊन बसली, कारण उतरायलाही ते लागणार होतं.

चारशे किलोंच्या पाट्यांवर चार माणसं म्हणजे हत्तीच्या पलंगावर चार चिमण्या. पाटे दबेचनात! रस्त्यावरचा बारीक खडाही थेट मणक्यात कळत होता. आई बोलायला तोंड उघडायची आणि शब्दांचे तुकडे पडायचे.

"अ-ग ह-ळू..."

"ही मजबुती आहे, आई!"

"म-ला न-को म-ज-बु-ती!"

डोंगराच्या पायथ्याशी वडाचं एक झाड होतं. बाबा इथे नेहमी जीप थांबवायचे. खाली उतरून एकेका चाकापाशी उकिडवे बसायचे, चांगली पंधरा मिनिटं लावायचे. खोली नव्हती तेव्हाही ते मुलांना घेऊन डोंगरावर यायचे, आणि लहानपणी मुलं मागे बसून कंटाळायची. बाबांना दम लागतो म्हणून ते बसत बसत फिरतात, असं त्यांचं ठरलं होतं. थोरलीला दम लागला नव्हता. ती थांबली नाही.

पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. तिसऱ्या वळणावर मोठे खडक सुरू झाले आणि जीपने मान टाकली. पाटे वाकायला तयारच नव्हते, त्यामुळे पुढचं एक चाक खडकावर चढलं की मागचं दुसरं हवेत उचललं जायचं. ते हवेत गरागरा फिरत राहिलं. जे जमिनीवर होते ते टायर ठासून हवा भरलेले, दगडासारखे टणक, ते खडकावरून साबणासारखे सटकले. जळक्या रबराचा वास सुटला. जीप एका टांगेवर उभ्या असलेल्या बगळ्यासारखी डुलली.

"मी उतरतो!" गिऱ्हाईक म्हणालं, आणि वाक्य पुरं व्हायच्या आत उतरलेलं होतं.

"ताई, आता?" धाकट्याने विचारलं. त्याच्या आवाजातला आनंद पहिल्यांदाच जरा फिका झाला होता.

आता रिव्हर्स! थोरली ती तीन वळणं उलटी उतरली. धाकटा मागून चालत हात दाखवत होता, आई मांडीवरच्या स्टुलाला मिठी मारून खिडकीतून ओरडत होती, "मागे, मागे, डावीकडे घे! अगं तुझ्या डावीकडे! हे माझं डावं!" दोघींचं डावं एकच आहे हे सांगायचं त्राण थोरलीत नव्हतं. वडाखाली पोचल्यावर तिचे हात स्टिअरिंगवरून सुटेनात.

गिऱ्हाईकाने बूट पुसले. "गाडी मी घेतो," ते म्हणालं. "फक्त हे नवे बदल काढून टाका. आणि एक विचारू? वडिलांनी अशा गाडीतून इतकी वर्षं..."

"माझे वडील दर आठवड्याला वर जायचे!" थोरली अशी ओरडली की वडावरचे पक्षी उडाले. "याच वाटेने! याच जीपमधून! एकदाही अडकले नाहीत!"

ती रडली नाही. चार महिन्यांत रडली नव्हती, तर पांढऱ्या बुटांसमोर कशाला रडेल!

संध्याकाळी आई तिच्या शेजारी येऊन बसली. "सुखरूप उतरलो, पण चढलोच नाही. महिनाअखेर परवा आहे."

"हो."

"उद्या ती पोती घेऊन मिस्त्रींकडे जा. त्यांना जे सांगायचंय ते माझ्यासमोर ते सांगणार नाहीत. म्हणून मी येत नाही."

सोमवारी सकाळी थोरलीने पोती आणि जुने टायर गॅरेजच्या दारात टाकले. भांडायची पूर्ण तयारी करून ती आली होती. मिस्त्रींनी पाट्यांचे जुडगे काढून जमिनीवर मांडले, मागचा डावा आणि मागचा उजवा शेजारी शेजारी.

"मोजा," ते म्हणाले.

तिने मोजले. डावीकडे सात पाटे. उजवीकडे नऊ.

टायर आणि पाट्यांबद्दल छापलेलं सगळं तिने वाचलं होतं. डोळ्यांसमोरचं मात्र मोजलं नव्हतं.

"डावे मेलेत म्हणाला ना तो? डावे ठणठणीत आहेत. उजवीकडे दोन जादा घातलेत. मीच घातले." मिस्त्रींनी हात पुसले. "साहेब उजवीकडे बसायचे. ते बसले की गाडी खाली जायची, आणि वहिनींची बोटं मावायची नाहीत. एक दिवस आले नि म्हणाले, मिस्त्री, वजन उतरवायला घेतलंय, पण उतरायला वेळ लागतोय. तोवर एक पाटा वाढवा. तात्पुरता."

"आणि दुसरा?"

"दीड वर्षाने. तोही तात्पुरता."

थोरलीला संताप आला, आणि या वेळी तो थेट बाबांवर! तीन आठवडे ती जगाशी भांडत होती. दाढीवाल्याशी, धाकट्याशी, पांढऱ्या बुटांशी, या बिचाऱ्या मिस्त्रींशी! गाडी वाकडी नाही, माझ्या वडिलांनी वाकडं काही ठेवलंच नाही! आणि हा गृहस्थ चक्क आईला फसवण्यासाठी जीप वाकडी करून गेला होता!

"आणि पोर्चची फरशी?" तिने विचारलं.

"सपाट असणार," मिस्त्री हळूच म्हणाले. "वहिनींना सांगू नका, ताई. मी शब्द दिलाय. म्हणून तर पाटे मागत होतो. हे दोन काढून घेतले असते नि कुणाला कळलं नसतं."

त्यांनी नवे टायर आणि नवे पाटे उतरवले. (ते दाढीवाल्याने परत घेतले, पण मूल सोडून जाणाऱ्या माणसासारख्या चेहऱ्याने.) जुने अरुंद टायर लागले. मग मिस्त्रींनी उजव्या जुडग्यातले दोन जादा पाटे काढून बाजूला ठेवले.

"ते काढू नका," थोरली म्हणाली. आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा बारीक आला. "ते बाबांनी घातलेत."

मिस्त्रींनी पाना खाली ठेवला. "ताई, पाटे बसणाऱ्याच्या वजनाचे असतात. तुम्ही या दोघांवर बसलात तर गाडी डावीकडे कलणार. नि वर दरी डावीकडेच आहे."

त्यांनी काम पुढे चालू केलं. दोन्ही बाजूंना सात-सात पाटे झाले. मग त्यांनी जीपवर आडवी पाणसळ ठेवली, बुडबुडा बरोबर मध्ये आला, आणि ते म्हणाले, "बसा आता."

थोरली बसली. बुडबुडा सरकला. गाडी उजवीकडे गेली होती!

मिस्त्रींनी पाणसळ उचलून फुंकली, परत ठेवली. बुडबुडा तिथेच. ते खाली गेले आणि बाजूला ठेवलेल्या दोन पाट्यांतला एक उचलला.

"हे काय?"

"एक राहू दे म्हणतो."

"एक म्हणजे? मी काय... मी पंचावन्न किलोंची आहे!"

"कधी मोजलं होतं?"

थोरलीने मनातल्या मनात 'टायरची निवड' हे प्रकरण आठवलं. "तुमच्या गॅरेजची फरशी उताराची आहे!" ती तावातावाने म्हणाली.

गाडीखालून मिस्त्री म्हणाले, "साहेब अगदी हेच म्हणाले होते."

मंगळवारी महिनाअखेर. थोरली आणि आई, दोघीच. स्टूल लागलं नाही. वडापाशी आल्यावर थोरलीने जीप थांबवली आणि समोर बघत बसली. बाबा इथे का थांबायचे? पंधरा मिनिटं, एकेका चाकापाशी, आणि त्या वेळी यायचा तो बारीक आवाज. फुस्स... फुस्स... लहानपणी मुलं त्यावर हसायची, बाबांच्या पोटाला दोष द्यायची.

हवा! बाबा टायरांतली हवा कमी करत होते! मऊ झालेला टायर खडकाला पंज्यासारखा धरतो, हे प्रत्येक पुस्तकात पहिल्याच पानावर होतं. इतकं सोपं होतं म्हणून तिने ते पान सोडून पुढचं वाचलं होतं.

ती उतरली. कप्प्यात बाबांचा हवा मोजायचा छोटा काटा होता, काच तडकलेला. एकेका चाकापाशी उकिडवी बसून तिने हवा सोडली. चौथ्या चाकापर्यंत तिला चांगलाच दम लागला.

"त्यांनाही लागायचा," आई वरून म्हणाली.

तिसरं वळण आलं. अरुंद टायर खडकांवर पोटासारखे पसरले, पाटे कुरकुरत वाकले, चारी चाकं जमिनीवर राहिली, आणि जीप म्हाताऱ्या माणसाने जिना चढावा तशी, सावकाश, कुठेही न घसरता वर गेली. आईने सगळी वाट एक हात दाराला आणि एक हात थोरलीच्या पाठीमागे, बाबांच्या सीटवर, ठेवला होता.

खोलीचं कुलूप गंजलं होतं. आत एक खुर्ची, एक खिडकी, दोन फळ्या पुस्तकांच्या, टायरात हवा भरायचा एक हातपंप आणि एक कपाट. आईने कपाट उघडलं.

बिस्किटांचे डबे! वरपासून खालपर्यंत! रिकामे एकात एक नीट रचून ठेवलेले, आणि सगळ्यात खाली एक भरलेला, न उघडलेला. म्हणजे शांतपणे वाचायला ते इथे यायचे ते हे!

थोरलीचा संताप उसळला. "आई, तुला एक सांगायचंय. मिस्त्रींनी शब्द दिलाय, पण मी दिलेला नाही. बाबांनी तुला फसवलं! जीपला उजवीकडे दोन पाटे जादा घातले होते. तुझी बोटं मावावीत म्हणून! वजन बिलकुल उतरलं नव्हतं त्यांचं! आणि हे बघ, हे डबे!"

आईने भरलेला डबा काढला, खुर्चीवर बसली आणि झाकणाशी झटू लागली.

"तुला राग येत नाही?"

"अगं, त्यांच्या पँटी कोण शिवत होतं?" आई म्हणाली. "दर सहा महिन्यांनी कंबर अर्धा इंच सैल करत होते मी. त्यांना कळू न देता. वाईट वाटलं असतं ना त्यांना. इतकं उतरवलं म्हणून एवढे खूश असायचे." झाकण निघालं. तिने एक बिस्किट घेतलं, चावून पाहिलं. "मऊ पडलीत."

दोघी खिडकीपाशी बसून मऊ पडलेली बिस्किटं खात राहिल्या. खाली गाव हाताएवढं दिसत होतं. मध्येच थोरलीने अर्धं बिस्किट परत डब्यात ठेवलं. आईने तिच्याकडे पाहिलं नाही, फक्त डबा तिच्या बाजूला सरकवला.

निघताना त्यांनी हातपंप बरोबर घेतला, कारण वडाखाली हवा परत भरायची होती. भरताना दोघींनाही दम लागला.

घरी धाकटा पोर्चमध्येच उभा होता. जीप आत आली, छपराखाली बरोब्बर मावली. आई स्टुलाशिवाय एकटीच उतरली, मागोमाग थोरलीही. धाकट्याने दोघींकडे पाहिलं, आणि मुकाट्याने फोन काढून गिऱ्हाईकाला "नाही जमणार" म्हणून कळवलं. मग खोड काढायला दहा पावलं मागे गेला.

"ताई, एवढं करून ही अजून डावीकडे झुकलेलीच आहे की!"

"पोर्चची फरशी उताराची आहे," थोरली म्हणाली.

"काहीतरीच!" धाकट्याने फोन फरशीवर आडवा ठेवला. "हे बघ. शून्य अंश. अगदी सपाट! आई, तूच बघ!"

आई दारात थांबली. फोनकडे पाहिलं, जीपकडे पाहिलं, मग थोरलीकडे.

"आहे रे थोडी उताराची," ती म्हणाली. आणि आत जाता जाता थोरलीला, "बाई, ती पँट बदललीस की माझ्या शिवणात टाक. कंबर बघते."